कप्तान म्हणतो

इर्मेली ह्युत्तिनेन घाबरट होती. हे काही तिच्या माघारी बोलणं नव्हे. नाव-गाव सांगावं तसं ती स्वतःच पहिल्या भेटीत सांगून टाकायची. जिना उतरताना कठडा सोडायची नाही. फोन वाजला की हात आधी छातीवर जायचा, मग फोनवर. फिनलंडातल्या सायमा सरोवराच्या काठी जन्मली, तिथेच वाढली, तिथेच केस पिकले, आणि तरी गोठलेल्या सरोवरावर तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. आमच्याकडे दुधाचे दात पडायच्या आत पोरं बर्फावर खेळायला जातात. म्हातारे बर्फाला भोक पाडून, स्टुलावर बसून, दिवसभर मासे धरतात. आणि ही बाई काठावरच्या रस्त्यानं जायची, तेसुद्धा सरोवराकडची बाजू टाळून.

हिचा नवरा होता तोवर तो हिला चिडवायचा, की तू दूधसुद्धा उतू जाईल म्हणून थंडच पितेस. तो गेला आणि चिडवणारं कोणी उरलं नाही. भीती तेवढी राहिली.

अशी ही बाई रांतालाहती गावाच्या प्रौढ शाळेत परदेशातून आलेल्या माणसांना फिन्निश शिकवायची. ती शिकवायची खेळांतून. तिच्या वर्गात गेलं तर आधी वाटावं, ही शाळा की बालवाडी! टेबलावर ताट, ताटात चमचा, किल्ली, लोकरी मोजा, बटाटा, बॅटरी. सगळ्यांनी पाहून घ्यायचं, मग वर फडकं टाकायचं, आणि इर्मेली फडक्याखालून हळूच एक वस्तू काढून घ्यायची. काय गेलं? मोठमोठे मिशावाले बाप्ये ताटावर ओणवे होऊन ओरडायचे, "मोजा! मोजा गेला!" कधी फळ्यावर शब्द लिहायचे, दोन गट करायचे आणि एकेकाच्या हातात माशा मारायची जाळी द्यायची. बाईंनी शब्द उच्चारला की जो आधी जाऊन फळ्यावर जाळी हाणेल तो जिंकला. फळ्यानं इतका मार खाल्ला होता की त्याचा एक कोपरा कायमचा निखळला.

तिच्या वर्गाचा नियम एकच होता. कुणालाही एकट्याला उभं करायचं नाही.

ह्यामागे कारण होतं, आणि ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. ती लहान असताना शाळेत स्वीडिश शिकवायला एक मास्तर होते. ते तासाला सगळ्या वर्गाला उभं करायचे आणि एकेकाला शब्द विचारायचे. ज्याला आला तो बसला. एकदा सगळा वर्ग बसला आणि इर्मेली एकटी उभी राहिली. शब्द होता खिडकी. तो तिला येत होता. ती खिडकीकडेच बघत होती. पण घसा असा मिटला की जीभ टाळूची सुटेना. मास्तर काही रागीट नव्हते, ते नुसते वाट बघत राहिले. घंटा झाली तरी ती उभीच होती. त्या दिवसापासून तिला एक गोष्ट पक्की कळली. भीती आली की माणसाचे शब्द जातात, आणि परक्या भाषेतले सगळ्यात आधी जातात. म्हणून तिच्या वर्गात भीतीला जागाच ठेवायची नाही, असं तिनं ठरवलं होतं. एका घाबरट बाईनं उभ्या गावात भीती नसलेली एकच खोली तयार केली होती म्हणा ना.

वर्गाचा सगळ्यात लाडका खेळ होता 'कप्तान म्हणतो'. आमच्याकडे तो पोरासोरांचा खेळ आहे. कप्तान म्हणतो बसा, तर बसायचं. कप्तान म्हणतो नाक धरा, तर नाक धरायचं. पण कप्तानाचं नाव न घेता नुसतं 'बसा' म्हटलं आणि तुम्ही बसलात, तर तुम्ही बाद. क्रियापदं, शरीराचे अवयव, दिशा, सगळं त्यात येतं, आणि मुख्य म्हणजे उभे राहतात ते सगळे मिळून.

इर्मेली स्वतः कधी कप्तान व्हायची नाही. तिचा आवाज मुळातच बारीक, पहिल्या बाकाला ऐकू आला तर दुसऱ्याला नाही. कप्तान व्हायचा धाफिर. हा इराकमधल्या बसऱ्याचा शिंपी. उंच, पोट सुटलेला, आणि आवाज असा की कॉरिडॉरमधले दिवे हलावेत. फसवण्यात तर पटाईत.

"कप्तान म्हणतो, हात वर! कप्तान म्हणतो, एक पाय वर! अरे बापरे, नाबिंतू, बुटाची नाडी सुटली बघ तुझी!"

नाबिंतू हलायची नाही. एका पायावर बगळ्यासारखी उभी राहून त्याला बोट हलवून दाखवायची. नाही हं, फसणार नाही.

ही नाबिंतू काँगोची, किवू सरोवराच्या काठची. चाळिशीची, रुंद खांद्यांची, दोन लेकींची आई. नवरा कुठे राहिला हे तिनं सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. ह्या खेळात तिच्यासारखं दुसरं कोणी नव्हतं. तिला फसवायला धाफिर नाना सोंगं करायचा, ओरडायचा, खोकायचा, एकदा तर पडून दाखवलं त्यानं. ती ढिम्म. कप्तानाचं नाव आल्याशिवाय ती पापणीसुद्धा हलवायची नाही.

सगळ्या हिवाळ्यात ती एकदाच बाद झाली. त्या दिवशी भावनांचे शब्द होते. कप्तान म्हणतो, हसा. सगळे हसले. कप्तान म्हणतो, घाबरा. सगळ्यांनी डोळे मोठे केले. कप्तान म्हणतो, रडा. धाफिरनं स्वतःच असा गळा काढला की शेजारच्या विणकामाच्या वर्गातल्या बायका दार उघडून बघायला आल्या. सगळे खोटं खोटं रडले. नाबिंतू तेवढी कोरडी उभी राहिली. मग कुणी काही म्हणायच्या आत गुपचूप आपल्या जागेवर जाऊन बसली.

इर्मेलीनं ते बघितलं. त्या दिवसापासून तिनं तो शब्द खेळातून काढून टाकला.

शाळेचा शिपाई म्हणा, रखवालदार म्हणा, एन्सिओ. दारासारखा रुंद माणूस. दिवे बदलणं, बर्फ उपसणं, कॉफी प्यायला नेमक्या वेळी वर्गाच्या दारात उगवणं, ही त्याची कामं. फेब्रुवारीत एकदा तो खांद्यावर शिडी घेऊन कॉरिडॉरमधून चालला होता. वर्गात जागा कमी म्हणून खेळ त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये चालला होता आणि नाबिंतू त्याच्या वाटेत पाठमोरी उभी.

"बाजूला! ए, बाजूला व्हा!" एन्सिओ ओरडला.

ती हलली नाही. उलट तिच्या गालावर तेच, फसणार नाही म्हणणारं हसू आलं. एन्सिओनं वळायला बघितलं, तेवढ्यात शिडीचं टोक तिच्या कानामागून सरसरत गेलं. लागलं फारसं नाही. पण एन्सिओचा चेहरा पांढरा पडला.

"इर्मेली," तो नंतर कॉफी ढवळत म्हणाला, "तू काय शिकवतेयस कळतंय का तुला? तू ह्यांना न ऐकायला शिकवतेयस. उद्या खरंच कुणी 'थांब' म्हणून ओरडेल आणि ती बाई उभी राहील तुझ्या कप्तानाची वाट बघत."

बस. हे वाक्य म्हणजे इर्मेलीच्या भीतीला खाऊच मिळाला. त्या दिवसापासून ती रस्त्यानं चालली तरी तिला नाबिंतू दिसायची. मोटार येतेय, चालक हॉर्न वाजवतोय, नाबिंतू बोट हलवून हसतेय. कारखान्यात भोंगा वाजतोय, नाबिंतू हसतेय. तिला जेवण गोड लागेना. तिनं खेळ बंद केला, तर वर्गानं तोंडं पाडली. मग तिनं सगळ्यांना समजावून सांगितलं, की हा नियम फक्त खेळात, बाहेर कुणी 'थांबा' म्हटलं की लगेच थांबायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण परक्या देशात माणूस सगळ्यात आधी मान डोलवायला शिकतो, हे इर्मेलीला पुरतं ठाऊक होतं. तिचा जीव काही थाऱ्यावर आला नाही.

आणि अशात मार्चमध्ये एन्सिओनं बर्फाचा विषय काढला.

"ह्यांना एकदा सरोवरावर नेऊ. भोक पाडू, मासे धरू, सॉसेज भाजू. सरोवराकाठी राहतात आणि बर्फाचा एक शब्द येत नाही कुणाला."

"मी नाही येणार," इर्मेली म्हणाली. "आणि तेही नाही."

"अगं, घोडागाडी जाईल एवढा जाड आहे बर्फ."

"सगळीकडे?"

"ओढा मिळतो तिथे नाही, वाहत्या पाण्यावर तो पातळ असतो. तिथे आपण जाणारच नाही. मी खुणा रोवतो."

धाफिर ऐकत होता. "पाण्यावर चालायचं? बाई, माझं वजन बघा. मी गेलो तर मासेच मला धरतील."

"आमच्याकडे पाण्यावर एकच माणूस चालला," नाबिंतू म्हणाली, "आणि तो देवाच्या पुस्तकातला." सगळे हसले. पण तास संपल्यावर ती मागे थांबली. शब्द जुळवत जुळवत बोलली. "बाई, माझ्या मुली शाळेतून बर्फावर जातात. घरी येऊन बोलतात. असा बर्फ, तसा बर्फ. मला कळत नाही. कुठे जाऊ नको म्हणायचं, ते मला येत नाही. मला ते शब्द द्या."

भीती इर्मेलीचीही होती आणि त्या आईचीही, आणि त्या आईची जास्त खरी होती. तिनं होकार दिला आणि घरी जाऊन आपण काय करून बसलो म्हणून हात चोळत बसली.

पुढचे सगळे तास बर्फाचे झाले. काळा बर्फ, करडा बर्फ, कुजका बर्फ, तडा, ओढा. बर्फ मोडला तर काय करायचं, तेही खेळातून. कप्तान म्हणतो, पोटावर! कप्तान म्हणतो, हात पुढे! कप्तान म्हणतो, आलात त्याच वाटेनं मागे सरका! वर्गातल्या लाकडी फरशीवर सगळी मोठी माणसं पोटावर सरपटत होती आणि धाफिरचा शर्ट पोटाशी फाटला. नाबिंतू त्यातही पहिली आली.

ठरल्या दिवशी ऊन लखलखीत होतं आणि वारा होता. एन्सिओनं प्रत्येकाच्या गळ्यात दोन टोचे अडकवले. दोरीला बांधलेले दोन लाकडी मुठींचे खिळे असतात ते. पाण्यात पडलंच तर बर्फात रोवून स्वतःला ओढून काढायचं. इर्मेलीनं दोन जोड्या घातल्या. ओढ्याच्या तोंडाशी एन्सिओनं स्प्रूसच्या, म्हणजे तिथल्या सूचिपर्णी झाडाच्या, डहाळ्या रोवून ओळ केली होती. पलीकडे जायचं नाही. हे तिनं सगळ्यांना सांगितलं, मग पुन्हा सांगितलं, मग एकेकाच्या तोंडून वदवून घेतलं.

आयुष्यात पहिल्यांदा तिनं बर्फावर पाय ठेवला. एन्सिओचा दंड तिनं असा धरला की त्याला कोटातून नखं लागली. दूर कुठेतरी बर्फ घुमला. थंडीत तो असा आवाज करतोच, त्यात काही विशेष नाही, पण इर्मेलीनं एन्सिओचं स्टूल गाठलं. ती त्यावर बसली आणि तिथून उठली नाही. काठावर जाळ पेटला, सॉसेज भाजले, वेलदोड्याचा गोड पाव फिरला. धाफिरनं बोटाएवढा मासा धरला आणि देवमासा धरल्यासारखा सगळ्यांना दाखवत सुटला. लोक खूश होते. इर्मेलीला वाटलं, चला, निभावलं.

मग सगळ्यांना थंडी वाजायला लागली आणि शेवटचा खेळ सुरू झाला. इर्मेलीनं घरून चित्रांची कार्डं आणली होती, वर प्लॅस्टिक चिकटवलेली. ती तिनं इकडेतिकडे बर्फाच्या ढेकळांखाली दाबून ठेवायला लावली होती. कप्तान नाव घेईल त्यानं सांगितलेलं चित्र आणायचं. पळापळ होते, अंगात ऊब येते.

"कप्तान म्हणतो, नाबिंतू, मासा आण!"

माशाचं चित्र ढेकळाखालून कधीच सुटलं होतं. नाबिंतू वाकली आणि वाऱ्यानं ते तिच्या हातासमोरून उडवलं. थोडं पुढे जाऊन पडलं. ती धावली. पुन्हा उडालं. सगळे हसत होते, टाळ्या वाजवत होते. चित्र घसरत घसरत डहाळ्यांच्या ओळीपर्यंत गेलं आणि पलीकडे गेलं.

नाबिंतूही पलीकडे गेली.

"थांब!" एन्सिओ ओरडला. "थांब! मागे ये!"

ती ऐकत होती. तिनं वळून बघितलंसुद्धा. आणि हसून बोट हलवलं. नाही हं, फसणार नाही. कप्तानानं मासा आण म्हटलंय, आणि थांब काही कप्तानानं म्हटलेलं नाही. ती पुढे निघाली.

गेला महिनाभर रात्रंदिवस जे इर्मेलीच्या डोळ्यांपुढे येत होतं, तेच आता भर उन्हात समोर चाललं होतं. तिच्याच खेळातून, तिच्याच कार्डामागे. नाबिंतूनं वाकून चित्र उचललं, आणि तिच्या पायाखालचा बर्फ करडा होता, मग काळा झाला, आणि एक पाय गुडघ्यापर्यंत आत गेला.

तेव्हा ती हसायची थांबली.

सगळे एकदम ओरडायला लागले. झोप, सरक, मागे, पोटावर, ज्याला जो शब्द येत होता तो. आठवड्यापूर्वी हे सगळे शब्द नाबिंतूला येत होते. आता तिच्या चेहऱ्यावर त्यातला एकही नव्हता. एक पाय पाण्यात, एक वर, हातात मासा, अशी ती ताठ उभी राहिली आणि तिनं धाफिरकडे बघितलं. कप्तानाकडे. पण धाफिरच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तो छाती बडवत ओरडत होता, आणि सगळं अरबीत. तीन वर्षांचं फिन्निश त्या एका क्षणात गेलं त्याचं.

एन्सिओ धावला. डहाळ्यांपाशी पोचला तोच त्याच्याखाली बर्फ कण्हला आणि पाणी वर आलं. तो जागच्या जागी आडवा झाला. "शिडी!" तो मागे वळून ओरडला. "होड्यांच्या धक्क्यावर शिडी आहे, आणा कुणीतरी!" पुढे जायची सोय नव्हती, त्याच्या वजनानं दोघंही गेले असते.

एकच माणूस असं होतं की ज्याला काय म्हणायचं हे ठाऊक होतं. इर्मेली उठून उभी राहिली. तोंड उघडलं. कप्तान म्हणतो. दोन शब्द. तोंड उघडंच राहिलं. घसा मिटला होता, अगदी तसाच. वर्ग बसला होता, खिडकी समोर होती, आणि मास्तर वाट बघत होते.

तिनं पुन्हा प्रयत्न केला. जे निघालं ते कुजबुजण्याइतकं. ते तिच्या मफलरच्या पलीकडेही गेलं नसतं.

मग तिनं जे केलं त्याचं एन्सिओला अजून नवल वाटतं. आवाज तिथवर पोचत नव्हता, म्हणून तीच आवाज घेऊन निघाली. ती पोटावर झोपली आणि सरकायला लागली. हडकुळी बाई, चिमणीएवढं वजन. "इर्मेली, नको!" एन्सिओ म्हणाला, पण ती त्याच्या बाजूनं पुढे गेली. हिंमत वगैरे काही नव्हती तिच्यात त्या वेळी. बर्फाला कान टेकला की खालून ओढ्याचं पाणी वाहताना ऐकू येत होतं. हे पाणी आपल्याला नेणार, अशी तिची खात्रीच झाली होती. तरी ती सरकत होती. कोपर, गुडघा, कोपर. अंगाखालचा बर्फ ओला लागायला लागला तेव्हा ती थांबली.

"कप्तान म्हणतो," ती म्हणाली.

आवाज सुतासारखा होता. पण नाबिंतूची मान वळली.

"कप्तान म्हणतो, पोटावर!"

नाबिंतू झोपली. विचार न करता, फरशीवर झोपायची तशी. काठ मोडला, पाणी उसळलं, पाय बाहेर आला, बूट आतच राहिला.

"कप्तान म्हणतो, हात पुढे. कप्तान म्हणतो, सरका. सरका."

मोठा तडा गेल्याचा आवाज झाला आणि इर्मेलीचं भान सुटलं. "लवकर!" ती म्हणाली. "लवकर, लवकर!"

नाबिंतू जागच्या जागी थांबली.

आणि इर्मेलीला कळलं. रडावं की हसावं हेही सुचेना. "कप्तान म्हणतो, लवकर," ती म्हणाली, आणि नाबिंतू निघाली. इर्मेलीच्या बाजूनं, ओला स्कर्ट ओढत, टोचे रोवत, डहाळ्यांपर्यंत. तिथे एन्सिओनं तिची मनगटं धरली आणि तिला जाड बर्फावर खेचलं.

काठावर एकच गलका झाला. कुणी कोट काढला, कुणी घोंगडी आणली. धाफिर शिडी घेऊन धापा टाकत आला आणि नाबिंतूला बघून मटकन खाली बसला. मग एन्सिओनं वळून बघितलं. इर्मेली होती तिथेच होती.

"इर्मेली, ये आता. आलीस तशीच मागे सरक."

ती हलली नाही. गाल बर्फाला टेकलेला, डोळे उघडे. एन्सिओनं शिडी बर्फावरून तिच्या हातापर्यंत सरकवली. "धर. नुसती धर, मी ओढतो." तिला ऐकू येत होतं. शिडीची पायरी तिच्या बोटांना लागत होती. पण बोटं तिची राहिली नव्हती. नाबिंतूला आणायचं होतं तोवर अंगात काहीतरी होतं, ते आता संपलं होतं, आणि उरली होती ती आयुष्यभराची भीती, एकदम सगळी. अंगाखाली पाणी जमा होत होतं. एन्सिओ गयावया करत होता. धाफिरला भाषा परत आली होती आणि तोही "बाई, बाई" करत होता. इर्मेली नुसती बघत होती. खिडकीकडे बघावं तशी.

नाबिंतूनं अंगावरची घोंगडी टाकली. एका पायात बूट, दुसरा उघडा, ओठ निळे पडलेले. लोक धरत होते, तिनं सगळ्यांचे हात झटकले, आणि डहाळ्यांपाशी येऊन पोटावर झोपली. इर्मेलीच्या डोळ्यांच्या बरोबर समोर.

"कप्तान म्हणतो," ती म्हणाली. शब्द स्वच्छ होते. "बाई, कप्तान म्हणतो, हात."

इर्मेलीची बोटं मिटली. शिडीवर.

"कप्तान म्हणतो, दुसरा हात."

दुसरा हात आला.

"कप्तान म्हणतो, डोळे इकडे. खाली नाही. इकडे."

एन्सिओनं ओढलं. शिडी निघाली आणि शिडीबरोबर इर्मेली, ओली, खरचटलेली, मफलर मागे राहिलेला. जाड बर्फावर आली तरी तिची पकड सुटेना. धाफिर म्हणाला, सोडा बाई, झालं. एन्सिओ म्हणाला, ऊठ इर्मेली, जाळापाशी चल, गोठशील. तिनं दोघांकडे बघितलं आणि हलली नाही.

नाबिंतू तिच्याजवळ गुडघ्यांवर बसली. बर्फासारख्या हातांनी तिचं एकेक बोट पायरीवरून सोडवलं. माशाचं चित्र अजून तिच्या मुठीत होतं, चुरगळलेलं. ते तिनं इर्मेलीच्या हातात ठेवलं. कप्तानानं आणायला सांगितलं होतं, आणलं. मग एक शब्द शोधायला तिला वेळ लागला, कारण तो सगळ्या हिवाळ्यात एकदाच खेळात आला होता आणि मग कुणी उच्चारला नव्हता.

"कप्तान म्हणतो," ती हळूच म्हणाली, "रडा."

इर्मेली रडली. वर्गात धाफिर रडला होता तसं मोठ्यानं, तोंड उघडून, आवाज करून. इतका मोठा आवाज तिच्यात होता हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या नाबिंतूनं ह्या वेळी कप्तानाचं ऐकलं.